थायलंडात राहायला आलात? अंगणातल्या छोट्या घरापासून अंत्यविधीपर्यंतची रीतभात

मी नागपूरची, बौद्ध घरातली. लहानपणापासून संध्याकाळची वंदना, पंचशील, दसऱ्याला दीक्षाभूमी. नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी बँकॉकला आले तेव्हा मनात पक्कं होतं की भाषा जमायला वेळ लागेल, जेवण जमायला वेळ लागेल, पण धर्माच्या बाबतीत आपल्याला इथं काही शिकावं लागणार नाही. 'बुद्धं सरणं गच्छामि' इथंही तेच, 'साधु, साधु'ही तेच.

ती समजूत पहिल्याच आठवड्यात गेली. भाड्याच्या घराच्या अंगणात खांबावर एक छोटं घर होतं आणि त्याच्यापुढे लाल सरबताचा ग्लास, त्यात स्ट्रॉ. ऑफिसजवळच्या चौकात चार तोंडांचा ब्रह्मदेव, टॅक्सीच्या आरशाला ताईत, मोबाइलच्या दुकानात गणपती. थायलंडात शंभरातले नव्वदहून जास्त लोक बौद्ध आहेत, आणि त्यांतले बहुतेक जण एकाच दिवसात भिक्खूला भिक्षा वाढतात, भूमीच्या देवतेला फूल वाहतात आणि ब्रह्माला हात जोडतात. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

इथं येणाऱ्या मराठी माणसांचा गोंधळ दोन तऱ्हांनी होतो. हिंदू घरातल्यांना वाटतं, 'हे तर आपलेच देव', आणि ते आपल्या रीतीने वागायला जातात. बौद्ध घरातल्यांना वाटतं, 'हा कसला धम्म', आणि ते नाक मुरडतात. पहिली चूक मी जवळून पाहिली आहे, दुसरी स्वतः केली आहे. तुम्हाला दोन्ही टाळता याव्यात म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ही जमवाजमव करून ठेवा

- खांदे आणि गुडघे झाकणारे कपड्यांचे दोन साधे जोड. त्यातला एक पूर्ण काळा. काळा जोड ऐनवेळी लागतो, तेव्हा बाजारात जायला सवड नसते.
- सहज काढता-घालता येणारी पादत्राणं. बंदाचे बूट घालून वतमध्ये, म्हणजे विहारात गेलात तर दारापाशी दहादा वाकावं लागेल.
- पांढरे लिफाफे आणि वीस-वीस बाटच्या नोटा.
- तुमचा जन्मवार. तारीख सगळ्यांना माहीत असते, वार आईला विचारून घ्या. बुधवार असेल तर दिवसाचा की रात्रीचा, तेही विचारा. कशासाठी ते पुढे येईल.
- वन फ्रा, म्हणजे उपोसथाचे, बौद्धांच्या व्रताचे दिवस दाखवणारं थाई कॅलेंडर. बुद्धाच्या छोट्या चित्राची खूण असलेला दिवस वन फ्रा.

१. घरात सामान लावण्याआधी अंगणातल्या घराची ओळख करून घ्या

खांबावरच्या त्या छोट्या घराला 'सान फ्रा फूम' म्हणतात. 'फूम' म्हणजे आपली भूमी, शब्द तोच. जमीन आधी तिथल्या देवतेची, माणूस नंतर आला, म्हणून आपण घर बांधताना तिलाही घर द्यायचं, असा हा विचार. एका खांबावर उभं असतं ते भूमिदेवतेचं. त्याच्या शेजारी, जरा खाली, बहुधा चार पायांवर दुसरं घर असेल तर ते 'सान चाओ थी', त्या जागेच्या जुन्या धन्यांचं. माणसांच्या घराची सावली या घरांवर पडू नये अशी जागा निवडतात, आणि मुहूर्त काढूनच ती बसवतात. मोठमोठ्या मॉलच्या आणि बँकांच्या दारातही ती दिसतील.

माझी चूक सांगते. राहायला गेल्यावरच्या पहिल्या शनिवारी मी घरासोबत अंगणही झाडून काढलं. सान फ्रा फूमवर सुकलेली झेंडूची माळ होती, ती स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. लाल सरबताला मुंग्या लागल्या होत्या, ते मोरीत ओतलं. झेब्र्यांच्या आणि नाचणाऱ्या बायकांच्या इवल्या मूर्ती होत्या, त्या धूळ खातात म्हणून एका खोक्यात भरल्या. संध्याकाळी घरमालकीण आल्या. त्यांना मी 'पा' म्हणते, आईपेक्षा वयाने मोठी मावशी किंवा आत्या या अर्थाने. पा काही बोलल्या नाहीत. डब्यातून माळ काढली, ती झाडाच्या बुंध्याशी ठेवली. ग्लास धुऊन नवं सरबत ओतलं. मूर्ती एकेक पुसून होत्या तशा मांडल्या. मग उदबत्ती लावून त्या छोट्या घराशी हळू आवाजात बराच वेळ बोलल्या. माझं नाव तेवढं मला कळलं. नंतर त्यांनी मला त्याचा अर्थ सांगितला: ही नवीन आहे, लांबून आली आहे, तिला ठाऊक नव्हतं, राग धरू नका.

जाताना त्यांनी मला एक थाई म्हण शिकवली: 'माय छुआ, या लोप लू'. विश्वास नसेल तर नसू दे, पण अवमान करू नको. या देशात कसं वागावं याचं माझ्या मते याहून चांगलं मार्गदर्शन नाही. विश्वास ठेवा असं मला नऊ वर्षांत कुणीच म्हटलेलं नाही.

तर तुम्ही असं करा:

- चाव्या हातात घेताना घरमालकाला विचारा: या घराचं काय करायचं असतं, कोण करतं, मी करू की तुम्ही येऊन कराल? बरेच मालक स्वतःच करतात.
- तुमच्याकडे आलं तर स्वच्छ पाणी, फुलं आणि उदबत्ती एवढं पुरतं. लाल सरबताचा आग्रह नसतो, रीत पडली आहे एवढंच. नैवेद्य सकाळी ठेवतात. उदबत्ती विझल्यावर विनंती करून फळं उचलायची आणि घरात खायची. आपण प्रसाद घेतो तसंच.
- उदबत्त्यांची संख्या शेजाऱ्यांना विचारून ठरवा. बुद्धापुढे तीन लावतात. एकच उदबत्ती मृतांसाठी असते, म्हणून दुसरीकडे एक लावू नका.
- ते घर हलवणं, रंगवणं, काढून टाकणं हे भाडेकरूचं काम नाही. जुनी झालेली अशी घरं वतमधल्या पिंपळाखाली नेऊन ठेवलेली दिसतील. तिथून एखादी मूर्ती 'सुंदर आहे' म्हणून उचलू नका.

माझ्यासारखी कुणी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मानणारी असेल तर तिच्यासाठी: मी तिथं काही मागत नाही. पाणी बदलते, फुलं ठेवते, हात जोडते. ते मी पांच्या घराचा मान म्हणून करते, आणि पांना ते पुरतं.

२. तारीख, वार आणि पौर्णिमा

थायलंडात बुद्धवर्ष चालतं. इसवी सनात ५४३ मिळवा, म्हणजे २०२६ हे २५६९. भाडेकरार, बँकेचे कागद, दुधाच्या पिशवीवरची मुदत, बहुतेक ठिकाणी हेच साल असतं. करारावर सही करण्याआधी वजाबाकी करून बघा.

भारतातल्या बौद्धांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपली आणि त्यांची मोजणी एका वर्षाने सरकते. २५०० वी बुद्धजयंती भारतात १९५६ साली झाली, थायलंडात १९५७ साली. पौर्णिमेचंही तसंच. त्यांचा अधिक महिना आपल्या अधिक महिन्याशी जुळतोच असं नाही. २०२३ मध्ये बुद्धपौर्णिमा आपल्याकडे ५ मे रोजी झाली आणि इथली विसाखा बुचा ३ जूनला. त्या वर्षी मी मे महिन्यात पांढरी साडी नेसून सकाळी वतमध्ये गेले, आणि तिथं फक्त अंगण झाडणारा एक मुलगा होता. कॅलेंडर बघूनच रजा टाका.

मोठे दिवस हे: माघ पौर्णिमेच्या सुमाराची माखा बुचा, मग विसाखा बुचा, आषाढी पौर्णिमेची आसान्हा बुचा आणि तिच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा वर्षावास. त्याला 'खाओ फन्सा' म्हणतात. पुढचे तीन महिने भिक्खू आपल्याच वतमध्ये राहतात, आणि पुष्कळ तरुण तेवढ्यापुरती दीक्षा घेतात. तुमच्या हाताखालचा मुलगा 'मला भिक्खू व्हायचंय, रजा हवी' म्हणाला तर दचकू नका. तो नोकरी सोडत नाही. मुलाच्या दीक्षेचं पुण्य आईला लाभतं अशी इथं दृढ समजूत आहे, आणि लग्नाआधी मुलानं एकदा चीवर पांघरावं ही बहुतेक आयांची इच्छा असते. अभिनंदन करा, दीक्षेला बोलावलं तर जा.

या सणांच्या दिवशी दारूविक्रीवर निर्बंध असतात. नियम अलीकडे बदलत आहेत, तेव्हा पाहुणे येणार असतील तर आधी चौकशी करा.

एप्रिलमधल्या १३ ते १५ तारखांच्या सोंगक्रानला रस्त्यावर पाण्याचा खेळ चालतो तो सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरात त्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी ओतून आशीर्वाद घेतात. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडे तेवढ्यासाठी नक्की जा. आणि कार्तिकाच्या पौर्णिमेला लोई क्रथोंगच्या रात्री केळीच्या सोपाच्या द्रोणात दिवा सोडतात, तो 'मे खोंगखा'साठी. खोंगखा म्हणजे गंगा. वर्षभर पाणी वापरलं, घाण केलं, त्याची माफी मागायची.

३. पहाटेची भिक्षा

इथल्या धर्माची खरी ओळख हवी असेल तर मोठ्या वतमध्ये जाण्याआधी एकदा पहाटे साडेपाच-सहाला उठून तुमच्या गल्लीच्या बाजारात जा. याला 'तक बात' म्हणतात. 'बात' म्हणजे पात्र. भिक्खू अनवाणी येतात, एकटे किंवा रांगेत, काही मागत नाहीत. बाजारात भिक्षेचे तयार संच मिळतात: भाताची पिशवी, एखादी भाजी किंवा कालवण, पाण्याची बाटली, फूल.

कसं वाढायचं ते क्रमाने:

1. पदार्थ हातात घेऊन थांबा. भिक्खूला हाक मारू नका. ते समोर आले की किंचित वाकून 'निमोन' म्हणा, म्हणजे 'यावं, निमंत्रण आहे'.
2. चपला काढा. ते अनवाणी असतात.
3. पात्राचं झाकण उघडलं की पदार्थ आत अलगद ठेवा. बाईमाणसाने पात्राला किंवा हाताला स्पर्श होऊ देऊ नये.
4. फुलं बहुधा झाकणावर ठेवतात. वेगळ्या वस्तू देताना बाईच्या हातून थेट हातात घेत नाहीत. भिक्खू एक कापड पसरतात, त्यावर ठेवायचं.
5. मग खाली बसा किंवा गुडघ्यावर या, हात जोडा. ते पाली गाथा म्हणतील.

ती गाथा मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा बाजारात कोळंबीच्या टोपल्या उतरत होत्या, बाजूला मिक्सर चालू होता. माझ्या शेजारी भाजीवाल्या आजी बसल्या होत्या. त्यांनी पितळी चंबूतून लहानशा वाटीत पाण्याची बारीक धार धरली होती, आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या धारेला लावलं होतं. 'यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं...' भरल्या नद्या जशा सागर भरतात, तसं इथं दिलेलं दान गेलेल्यांपर्यंत पोचतं. माझे बाबा गेल्यावर नागपूरला जलदान विधी झाला तेव्हा हीच गाथा म्हटली होती, असंच पाणी ओतलं होतं. आपल्याकडे ते पुण्यानुमोदनाच्या दिवशी, एकदाच. इथं भाजीवाल्या आजी रोज सहाला, दुकान मांडण्याआधी करतात. 'कुणासाठी?' मी नंतर विचारलं. 'नवऱ्यासाठी,' त्या म्हणाल्या, आणि त्या लहानशा वाटीतलं ते पाणी समोरच्या झाडाच्या मुळाशी नेऊन ओतलं. त्या दिवसापासून नाक मुरडणं माझ्याकडून झालं नाही.

या पाणी ओतण्याला 'क्रुआत नाम' म्हणतात. 'यथा' सुरू झालं की धार सोडायची, 'सब्बी' ऐकू आलं की ओतून संपवायचं आणि हात जोडायचे. चंबू नसेल तर नुसते हात जोडून मनात नाव घ्या.

नेहमी होणाऱ्या चुका: भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत, तेव्हा संध्याकाळी डबा घेऊन वतमध्ये जाऊ नका. आणि बौद्ध म्हणजे शाकाहारी हे गृहीत धरू नका. भिक्षेत जे येतं ते भिक्खू खातात, त्यात मांस-मासळी असते. तुम्ही शाकाहारी असाल तर तुम्हाला 'चे' हा शब्द उपयोगी पडेल. ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस पिवळी निशाणं लागतात, तेव्हा गल्लोगल्ली 'चे' जेवण मिळतं. ते कांदा-लसणाशिवायचं असतं.

४. वतमध्ये आणि भिक्खूंसमोर

उंबरठ्यावर पाय देऊ नका, ओलांडा. हे आपल्याला घरूनच ठाऊक असतं. आत बसताना तळपाय बुद्धाकडे किंवा भिक्खूंकडे येता कामा नयेत. मांडी घालण्यापेक्षा पाय एका बाजूला मागे दुमडून बसतात, त्याची घरी सवय करा, पहिल्यांदा पायाला मुंग्या येतात. नमस्कार तीनदा, कपाळ जमिनीला टेकवून. भिक्खू उलट नमस्कार करत नाहीत, त्यात उपेक्षा नसते.

बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, अगदी चुकूनही. त्यांचे २२७ नियम आहेत आणि बाईचा स्पर्श टाळणं त्यांना बंधनकारक आहे. बसमध्ये, फेरी-बोटीत त्यांच्यासाठी राखीव जागा असते. तिथं बसू नका, शेजारीही नको. फोटोसाठी खांद्याला खांदा लावून उभं राहण्याचा मोह इथं पुरता सोडा.

वतच्या दुकानात भगव्या-पिवळ्या बादल्या दिसतील, त्यात साबण, टूथपेस्ट, औषधं, कॉफी. हे 'संघथान', आपलं संघदान. कुणा एका भिक्खूला नव्हे, संघाला दिलेलं. तयार बादलीतल्या वस्तू कधीकधी जुन्या असतात, म्हणून मी स्वतः घेऊन भरते: चांगले वस्तरे, विजेरी, ताप-खोकल्याची औषधं. दानपेटीबरोबर क्यूआर कोडही असतो. वतला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळू शकते, तेव्हा इथं कर भरत असाल तर पावती आणि तुमचा करक्रमांक सांभाळा.

जन्मवार लागतो तो इथं. बऱ्याच वतमध्ये बुद्धाच्या आठ मूर्ती ओळीने असतात. मंगळवारची पहुडलेली, शनिवारची नागाच्या फण्याखालची, बुधवारच्या दोन: दिवसाची भिक्षापात्र घेतलेली आणि रात्रीची हत्ती-माकडासह. आपल्या वाराच्या मूर्तीपुढे लोक नाणी टाकतात, तेल ओततात. वारांना रंगही आहेत, सोमवारचा पिवळा, मंगळवारचा गुलाबी, शुक्रवारचा निळा. ऑफिसात एखाद्या दिवशी सगळे एकाच रंगात दिसले तर आता कारण कळेल.

५. नवस बोलू नका, बोललात तर फेडा

नवसाला थाईत 'बोन' म्हणतात, फेडण्याला 'के बोन'. आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि नेमकं म्हणूनच आपण फसतो. आपण सहज बोलून जातो, 'देवा, व्हिसा होऊ दे, पेढे वाटीन.' इथं तो शब्द लेखी करारासारखा धरतात.

चित लोम स्थानकाजवळचा चौकातला ब्रह्मा, ज्याला परदेशी लोक एरावान श्राइन म्हणतात, तो १९५६ साली बसवला. तिथं हॉटेलचं बांधकाम चालू असताना एकामागून एक अडथळे आले, म्हणून. थाई लोक त्याला 'फ्रा फ्रोम' म्हणतात. चार तोंडं आहेत, तेव्हा प्रदक्षिणेसारखं फिरत चारही बाजूंना फुलं-उदबत्ती. बाजूला नर्तकी नटून बसलेल्या असतात. ज्याचा नवस पुरा झाला तो पैसे भरून त्यांच्याकडून नाच करवतो. तो कार्यक्रम पर्यटकांसाठी नसतो. समोर गुडघ्यावर बसलेलं कुटुंब दिसेल, त्याच्या आणि देवाच्या मधून चालू नका. १७ ऑगस्ट २०१५ ला इथं बाँबस्फोट झाला, २० माणसं गेली. दोनच दिवसांत लोक परत हात जोडून उभे होते.

माझ्या ऑफिसातल्या एका बाईंनी मुलासाठी छाछोएंग्साओच्या लुआंग फो सोथोनला शंभर उकडलेली अंडी बोलली होती. त्या बुद्धमूर्तीला नवसाची अंडीच वाहतात. मुलाची एप्रिलमधली सैन्यभरतीची सोडत होती. सोडतीत लाल चिठ्ठी आली तर भरती, काळी आली तर सुटका. काळी निघाली. दुसऱ्याच रविवारी त्या पहाटे तीनला उठून अंडी उकडून घेऊन गेल्या, आणि सोमवारी आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर प्रसादाची दोन-दोन अंडी होती. 'मे महिन्यात गेलात तर चाललं नसतं का?' असं मी विचारलं तेव्हा त्यांना खरोखर भीती वाटलेली मला दिसली.

याच सोडतीसाठी मी राहते त्या ओन नुतमधल्या वत महाबुतला गर्दी होते. तिथं 'मे नाक' आहे. नवरा लढाईवर गेला असताना बाळंतपणात मेलेली बाई, जी नवरा परतल्यावरही त्याच्याबरोबर संसार करत राहिली, अशी कथा आहे. आपल्याकडे असल्या बाईला हडळ म्हणून गावाबाहेर खिळा ठोकला असता. इथं तिला 'आई' म्हणतात, साड्यांऐवजी थाई पोशाख आणतात, बाळासाठी खेळणी ठेवतात. मला या देशाबद्दल जे सर्वांत आवडतं त्यात हे येतं.

गणपतीबद्दल. इथं तो 'फ्रा फिकनेत', कलांचा आणि यशाचा देव. सरकारी ललित कला विभागाच्या चिन्हातही तोच आहे. छाछोएंग्साओ प्रांतात ३९ मीटर उंचीची उभी कांस्यमूर्ती आहे, आणि वत समान रत्तनाराममध्ये पहुडलेला गुलाबी गणपती. तिथं उंदराच्या कानात इच्छा सांगतात, दुसरा कान हाताने झाकून. आपल्याकडची माणसं 'असं नसतं हो' म्हणून थाई भाविकांना शिकवायला जातात, ते करू नका. दक्षिणी पद्धतीची पूजा हवी असेल तर सिलोमजवळचं मरिअम्मन मंदिर आहे, तमिळ लोकांनी १८७९ च्या सुमाराला बांधलेलं. दसऱ्याच्या रात्री तिथली मिरवणूक बघा, दर्शनाला थाई लोकच जास्त असतात.

६. ताईत, दोरे, मूर्ती

मनगटावरचा पांढरा दोरा म्हणजे 'साय सिन'. भिक्खूंनी बांधला तर लगेच कात्रीने कापू नका. गळ्यातल्या ताईतांचा इथं मोठा बाजार आहे, बँकॉकमधल्या था फ्रा चान भागात पदपथावर भिंग लावून पारखणारे लोक दिसतील. लक्षात ठेवण्याचा शब्द 'छाओ', म्हणजे भाड्याने घेणे. बुद्धाची मूर्ती किंवा ताईत 'विकत घेतला' म्हणत नाहीत, 'छाओ' केला म्हणतात. नवख्याने महागडा ताईत घेऊच नये, नकली फार.

बुद्धमूर्ती भारतात न्यायची असेल तर ललित कला विभागाचा परवाना लागतो. पासपोर्टची प्रत आणि मूर्तीचे फोटो तयार ठेवा, निघण्याच्या आदल्या दिवशी जाऊ नका. दुकानदार 'काही लागत नाही' म्हणाला तरी विमानतळावर तो तुमच्याबरोबर नसतो. बुद्धाचं नुसतं डोकं दिवाणखान्याच्या शोभेला ठेवणं, पायावर गोंदवणं, हे इथं लोकांना मनापासून लागतं.

७. अंत्यविधीला बोलावणं आलं तर

हे शेवटी ठेवलं, कारण इथं सर्वांत जास्त घाबरायला होतं आणि सर्वांत जास्त जवळीकही इथंच होते. मागच्या वर्षी पांचे यजमान गेले. आपल्याकडे त्याच दिवशी सगळं उरकतं. इथं तीन, पाच किंवा सात रात्री वतमधल्या सालात, म्हणजे मंडपात पाठ चालतो आणि मग दहन. शुक्रवारी दहन करत नाहीत, कारण शुक्राला 'सुक' म्हणतात आणि सुखाचा उच्चारही तोच.

- कपडे काळे, किंवा काळे-पांढरे. दागिने नकोत.
- पहिल्या दिवशी दुपारी गेलात तर मृताच्या हातावर सुगंधी पाणी ओततात. ओतताना मनातल्या मनात क्षमा मागायची.
- संध्याकाळी आधी बुद्धाला तीनदा नमस्कार, मग शवपेटीपुढे एकच उदबत्ती आणि एकदाच नमस्कार, तळवे जमिनीवर न पसरता.
- चार भिक्खू अभिधम्माचा पाठ करतात. मध्ये थांबतात तेव्हा भाताची पेज किंवा खाऊचा डबा येतो. तो घ्या, 'नको नको' म्हणू नका. तिथं खाणं अशुभ नाही.
- लिफाफ्यावर स्वतःचं नाव लिहा. मी पाचशे बाट घालते. जवळचं नातं असेल तर एका रात्रीच्या पाठाचं यजमानपद घेता येतं, सहकारी मिळून घेतात.
- दहनाच्या दिवशी 'चंदनाचं फूल' देतात. ओळीने वर जाऊन ते पेटीपाशी ठेवायचं.

मला वाटलं होतं पा रडत असतील. त्या दारात उभ्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'जेवलात का' विचारत होत्या. पाचव्या रात्री पाठ संपला, 'यथा' सुरू झालं, घरच्यांनी पाण्याची धार धरली. धाकटा मुलगा चंबू धरून होता, त्याच्या पाठीला आईचा हात, तिच्या पाठीला सुनेचा, अशी साखळी करतात, म्हणजे पुण्य सगळ्यांच्या हातचं होतं. पांनी मागे वळून मला बघितलं आणि डोळ्यांनीच जवळ बोलावलं. अशा वेळी 'मी कशी, मी तर बाहेरची' म्हणत बसू नका. पुढच्या माणसाच्या खांद्यावर हलकेच हात ठेवा.

निघताना प्रत्येकाला एक छोटी वस्तू देतात, बहुधा नाकाला लावायची बाम किंवा धम्मवचनांची पुस्तिका, त्यावर गेलेल्याचं नाव छापलेलं असतं. ती वतच्या कचरापेटीत टाकू नका, घरी न्या. माझ्याकडची बामची डबी अजून पर्समध्ये आहे, सर्दी झाली की वापरते.